'लिसा'ची छायाचित्रे पाहा, मग चोरी म्हणा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, चिन्हे आणि माउस यांची कथा सांगताना लेखकाने 'ॲपलने झेरॉक्सची कल्पना चोरली' असे सहज लिहून टाकले आहे. संगणकाच्या शिकवणीवर्गात मीही मुलांना हेच सांगत असे, म्हणून हा पत्रप्रपंच.

डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स आणि त्यांचे सहकारी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात गेले, ते रीतसर सौदा करून. ॲपलचे एक लाख समभाग दहा लाख डॉलरना घेण्याची मुभा झेरॉक्सला मिळाली होती. तिथे त्यांनी १९७३ पासून वापरात असलेला 'आल्टो' हा संगणक पाहिला. माउस आणि खिडक्या त्यांनी तिथेच पाहिल्या, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. तिथले संशोधक लॅरी टेस्लर तर दुसऱ्याच वर्षी झेरॉक्स सोडून ॲपलमध्ये आले.

पण त्यापुढची तीन वर्षे लेखातून गळाली आहेत. ॲपलच्या 'लिसा' या संगणकाचा पडदा घडवणारे बिल ॲटकिन्सन कामाच्या टप्प्याटप्प्यावर त्या पडद्याचे पोलरॉइड फोटो काढून ठेवत. सुरुवातीच्या फोटोत पडद्याच्या तळाशी कळांची रांग दिसते. पुढे माउस येतो, खिडक्यांची रूपे बदलत जातात आणि शेवटी आज्ञांची पट्टी पडद्याच्या माथ्यावर स्थिरावते. घर बांधताना पायापासून फोटो काढून ठेवावेत, तसे हे आहे.

ॲटकिन्सन यांचाच एक किस्सा. एकावर एक पडलेल्या खिडक्यांतली मागची, अर्धी झाकलेली खिडकीही झेरॉक्सच्या यंत्रावर आपसूक नव्याने रेखाटली जाताना आपण पाहिली, अशी त्यांची समजूत झाली होती. 'त्यांना जमले, तर आपल्यालाही जमेल' म्हणून ते हट्टाला पेटले आणि तंत्र शोधून काढले. नंतर कळले, झेरॉक्सकडे ते नव्हतेच! मालकाकडे नसलेला ऐवज चोराच्या हाती कसा लागावा?

'ओके'चे बटणही असेच घडले. आधी तिथे इंग्रजीत 'डू इट' लिहिलेले होते. चाचणीला बसवलेल्या एका माणसाला दोन शब्दांमधली फट दिसली नाही, मोठा 'आय' त्याला 'एल' वाटला, आणि त्याने ते 'डोल्ट', म्हणजे 'मठ्ठ', असे वाचले. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते, म्हणून गडी रागावला. टेस्लर यांनी चालवलेल्या अशा चाचण्यांतून शब्द बदलले गेले.

जानेवारी १९८३ मध्ये 'लिसा' बाजारात आली. किंमत ९,९९५ डॉलर. खपली नाही ती त्यामुळेच, असे माझे मत. (झेरॉक्सचा १९८१ चा 'स्टार' त्याहून महाग होता.) तिची मूळ आज्ञावली कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०२३ मध्ये अभ्यासासाठी खुली केली. आम्ही मात्र शिकवणीवर्ग बंद करताना 'विंडोज'च्या पहिल्या आवृत्त्यांची माहितीपुस्तके रद्दीत घातली. त्यात माझाही हात होता.

लेखकाला एवढीच विनंती, की लेखमालेच्या पुढच्या भागात 'लिसा'च्या त्या फोटोंपैकी निदान दोन, पहिला आणि शेवटचा, शेजारी शेजारी छापावेत. चौकट लहान असली तरी चालेल.

– एक निवृत्त संगणक शिक्षक, सांगली