अबोल विद्यार्थी आणि हातोहात फिरणारा माइक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदवीच्या प्रथम वर्षाचे वर्ग लवकरच सुरू होतील आणि बहुतेक महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत एकाच ठरावीक पद्धतीने होईल: मोठे सभागृह, दीपप्रज्वलन, भाषणे आणि शेवटी प्रत्येकाच्या परिचयासाठी हातोहात फिरणारा माइक. गेल्या वर्षी परभणी जिल्ह्यातील एका गावातून पुण्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेला दाखल झालेली विद्यार्थिनी या नात्याने या पद्धतीविषयी आणि एकूणच अबोल विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाविषयी थोडे लिहीत आहे.

त्या दिवशी सभागृहात दोनशेच्या आसपास मुले होती. नाव, गाव, छंद आणि ‘स्वतःविषयी काहीतरी वेगळे’ एवढे प्रत्येकाने सांगायचे होते. माइक तीन रांगा पुढे असताना एक मुलगा ‘मी लातूरकडचा हाय’ असे म्हणाला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. तो हशा ऐकून मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पडले. बाहेर पाण्याच्या टाकीजवळ आणखी दोन मुली आधीच उभ्या होत्या. तहान कोणालाच लागलेली नव्हती. आम्ही तिघी एकमेकींशी एक अक्षरही न बोलता पंधरा-वीस मिनिटे तिथे उभ्या राहिलो आणि टाळ्यांचा कडकडाट थांबल्यावर तीन वेगवेगळ्या दिशांना निघून गेलो.

पुढचे दीड-दोन महिने वर्गात माझ्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे हजेरीचा ‘प्रेझेंट’. शिक्षक चांगले होते आणि शंका विचारा असे ते वारंवार सांगतही होते, परंतु शंका मला मराठीत सुचे आणि ती इंग्रजीत जुळवून होईपर्यंत फळा पुसलेला असे. कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत आम्ही चौघी होतो, तरी मेसमध्ये एकटीने बसलेले कोणी पाहू नये म्हणून मी गर्दी ओसरल्यावर जात असे आणि भाजीच्या पातेल्याचा तळ तेवढा माझ्या वाट्याला येई. घरी फोनवर मात्र सगळे छान चालले आहे असेच सांगत होते.

खरी अडचण अंतर्गत मूल्यमापनाच्या वेळी आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली असून तिच्यात वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनावर भर आहे. सत्राच्या अखेरच्या एकाच परीक्षेवर सारे भवितव्य टांगलेले नसावे हा त्यामागील हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. प्रत्यक्षात मात्र या मूल्यमापनाचा बराच भाग सादरीकरण, गटचर्चा आणि तोंडी परीक्षा यांनी व्यापला जातो. रसायनशास्त्राच्या एका घटकावरील लेखी चाचणीत मला २० पैकी १७ गुण मिळाले. त्याच घटकाच्या सादरीकरणात १० पैकी ३. तिसऱ्या स्लाइडवर माझा आवाज बंद पडला, एवढेच त्या तीन गुणांवरून कळते. नोकरीच्या मुलाखतीत बोलावेच लागेल, तेव्हा आतापासूनच सवय झालेली बरी, असा युक्तिवाद यावर केला जातो आणि तो चुकीचा नाही. पण आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवतानासुद्धा पाठीला आधी डबा बांधतात. वर्गासमोर कसे बोलावे हे वर्षभरात एकाही तासाला न शिकवता थेट त्याचे गुण द्यायचे किंवा कापायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. पहिल्या सत्रापुरते तरी शिक्षकासमोर चार-पाच जणांच्या गटात सादरीकरण करण्याची मुभा द्यायला काय हरकत आहे?

मला बोलते केले ते प्रयोगशाळेने. टायट्रेशनच्या प्रयोगासाठी हजेरी क्रमांकानुसार दोघींची जोडी लावली जात असे. एकीने ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडायचा, दुसरीने फ्लास्क हलवत रंगावर नजर ठेवायची आणि नेमक्या क्षणी ‘थांब’ म्हणायचे. महाविद्यालयात हजेरीपलीकडे मी कोणाशी आपणहून बोललेला पहिला शब्द हाच. डोळे फ्लास्ककडे असल्यामुळे एकमेकींच्या तोंडाकडे पाहावे लागत नव्हते, बोलण्याला कारण होते, आणि दर आठवड्याला तीच जोडीदारीण समोर येत होती. रीडिंग चुकले की दोघींचेही चुके, त्यामुळे हसण्याचा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आम्ही जर्नल एकत्र बसून पूर्ण करू लागलो होतो.

हाच अनुभव पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात आला. भाषणे करणाऱ्या मुलांकडे उद्घाटन आणि समारोप होता. माझ्याकडे भाजी चिरण्याचे काम होते, आणि ते करताना गावातील बायकांशी मी जेवढे बोलले तेवढे वर्षभरात कोणाशी बोलले नव्हते. माझी ‘गावाकडची’ बोली तिथे कोणालाच खटकली नाही, उलट शहरातल्या मैत्रिणींना मीच शब्द समजावून सांगत होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली आणि तिच्यात विद्यार्थ्यांचे लहान गट व त्यांना अध्यापक-मार्गदर्शक अशी कल्पना मांडली. आमच्याकडे दीक्षारंभाचा फलक लागला, पण मार्गदर्शकाचे नाव मला दुसऱ्या सत्रात कळले. समुपदेशनाची स्थितीही निराळी नाही. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. लाजाळूपणा हा काही आजार नव्हे, त्यामुळे प्रत्येक अबोल मुलाला तिकडे पाठवावे असे मी म्हणणार नाही. मात्र ज्याची झोप, जेवण आणि तास सुटू लागले आहेत त्याला ते दार गाठता आले पाहिजे. आमच्या महाविद्यालयात ते दार शुल्क भरण्याच्या रांगेसमोर उघडते आणि आत जाण्यापूर्वी बाहेरच्या टेबलावरील नोंदवहीत नाव व येण्याचे कारण लिहावे लागते. ज्याला वर्गात नाव सांगायचा संकोच वाटतो, तो तिथे कारण लिहील हे कोणाला सुचले असावे, याचे मला कुतूहल आहे.

यंदाच्या स्वागत समारंभासाठी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना कामे वाटून दिली जात आहेत. सूत्रसंचालनासाठी अनेक जण उत्सुक आहेत. मी आणि माझ्या प्रयोगशाळेतील जोडीदारणीने सभागृहाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ उभे राहण्याचे काम मागून घेतले आहे.

आपली नम्र,
द्वितीय वर्ष विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी,
पुणे