ती दिवसा कुठे झोपते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला होता. पण शेवटी लेखिकेने, पैसे घेऊन घरी माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोच्या बायकांमध्ये पूर्वीच्या नन्ससारखा सेवाभाव उरलेला नाही, असं एका ओळीत उरकून टाकलं. मी वसईची कॅथलिक. सिस्टर लोकांचं कौतुक छापून आलं की खरं तर मला बरं वाटायला हवं. या ओळीने मात्र राग आला.

माझ्या सासूबाई पॅरालिसिसनंतर चौदा महिने अंथरुणावर होत्या. दिवसा मी, आणि रात्री आठ ते सकाळी आठ ब्यूरोतून येणाऱ्या एक ताई. ब्यूरोला आम्ही रात्रीचे नऊशे द्यायचो, ताईंच्या हातात सहाशे पडायचे. काम काय, तर दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, डायपर बघायचं, तोंड कोरडं पडलं की ओल्या कापसाने ओठ पुसायचे. एका रात्री तीनच्या सुमारास मी उठले, तर ताई स्टुलावर बसल्या बसल्याच पलंगाच्या कठड्याला कपाळ टेकून गाढ झोपलेल्या. एक हात सासूबाईंच्या मनगटावर. एक वाजताची कूस राहून गेली होती. दोन दिवसांनी माकडहाडापाशी कातडी लाल झालेली दिसली. मी ताईंना नको तेवढं बोलले. तेव्हा कळलं की आमच्याकडून सुटून त्या मालाडला एका आजोबांकडे दिवसपाळी करत होत्या. झोपता कधी, असं विचारलं तर म्हणाल्या, "गाडीत बसायला मिळालं तर." सकाळच्या विरार लोकलमध्ये वसईला बसायला मिळतं, हे वसईकरांना सांगू नये.

आता त्या 'पूर्वीच्या नन्स'कडे वळते. आपल्याकडे सिस्टर म्हटलं की शाळा नाहीतर हॉस्पिटल एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण आजाऱ्याच्या घरी जाऊन रात्र काढायची, हेच व्रत घेतलेले संघ युरोपात निघाले. त्यातला एक माद्रिदचा. 15 ऑगस्ट 1851 रोजी, येशूची आई मरिया हिच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, तिथल्या चांबेरी भागात फादर मिगेल मार्तीनेस यांनी सात बायका उभ्या केल्या. हॉस्पिटलात जायला तयार नसलेल्या किंवा जाऊ न शकणाऱ्या आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं, आणि फुकट. सातांतली शेवटची निवडलेली सोलेदाद तोरेस अकोस्ता, वय 24. पाच वर्षांनी फादर मिशनसाठी आफ्रिकेकडच्या बेटावर निघून गेले, काही जणी त्यांच्याबरोबर गेल्या, आणि संघ मोडायच्या बेताला आला. तो सावरला सोलेदादने. 1865 मध्ये माद्रिदमध्ये कॉलरा आला तेव्हा याच बायका घरोघर होत्या. 1970 साली पोप सहावे पॉल यांनी सोलेदादला संत जाहीर केलं. 'सर्व्हंट्स ऑफ मेरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सिस्टर आजही अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीसारख्या ठिकाणी रात्री लोकांच्या घरी जाऊन बसतात.

हे सारं 'सेवाभावा'वर चाललं, असं म्हणायला सोपं आहे. पण त्या सिस्टरच्या मागे एक घर होतं. रात्र जागून परत आली की तिला पलंग होता, ताटात जेवण होतं. तिची तब्येत बिघडली तर तिच्या जागी जाणारी दुसरी होती, आणि आज कुणाची पाळी हे ठरवणारी मदर, म्हणजे मठाची प्रमुख, होती. म्हातारपणी तिला कुठे जावं लागणार नव्हतं. पगार नव्हता हे खरं, पण उद्याची चिंताही नव्हती. यातली एक तरी गोष्ट आमच्या ताईंकडे होती का? भाव नंतर मोजू, आधी सोय मोजा.

शिवाय बायकांनी मठाबाहेर पडून घरोघर जाणं चर्चलाही सहज पचलेलं नाही. 1610 साली आजच्या फ्रान्समधल्या आनसी गावात संत फ्रान्सिस द सेल्स यांनी 'व्हिजिटेशन' हा संघ काढला, त्यात आजाऱ्यांच्या घरी जायचं ठरलं होतं. व्हिजिटेशन म्हणजे भेट; नाव बायबलमधल्या प्रसंगावरून, मरिया आपल्या गरोदर नातलग एलिझाबेथच्या घरी जाऊन तीनेक महिने राहिली त्यावरून. आठच वर्षांत त्या बायकांना मठाच्या भिंतीआड बसवलं गेलं. नाव भेटीचं, आणि भेटायला जायचीच बंदी! पुढे 1633 मध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी पॅरिसमध्ये युक्ती केली. नन म्हटलं की भिंतीआड बसणं आलं, म्हणून आमच्या मुली नन्स नाहीतच, असं सांगून टाकलं. त्यांचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं, आवार म्हणजे शहरातले रस्ते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो 1865 चा पॅरिसमधला संघ, फादर एतिएन पेर्ने आणि आंत्वानेत फाज यांचा. तिथल्या सिस्टर कामगारवस्तीत जायच्या आणि आजाऱ्याला पुसून झालं की चूल पेटवायच्या, भांडी घासायच्या, पोरांच्या वेण्या घालायच्या. घरातली बाई आजारी पडली की घरच आजारी पडतं, हे पेर्ने यांना कळलं होतं. आमच्या ताईंना मात्र कधी चहाचा कप विसळायला सांगितला तर 'ते माझं काम नाही' म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि त्या म्हणायच्या नाहीत.

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, एक वयस्कर सिस्टर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सासूबाईंसाठी कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, घेऊन यायच्या. पूर्वी नर्सिंग केलेल्या. त्या लाल झालेल्या जागेकडे बघून त्या मला काही बोलल्या नाहीत. एक जुनी चादर मागितली, चौपदरी घडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत सासूबाईंच्या खाली सरकवली, पलीकडचा गुडघा मोडला, आणि चादरीच्या कडेला धरून एका दमात त्यांना कुशीवर घेतलं. "ओढायचं नाही, वळवायचं," एवढंच म्हणाल्या. कातडी घासली जात होती ती आम्ही ओढत होतो म्हणून. ताईंना हे कुणी शिकवलंच नव्हतं. दोन दिवसांची ओळख करून देऊन ब्यूरोने पाठवलेलं.

या सिस्टरांची आठवण काढून भागणार नाही, कारण त्या कमी होत चालल्या आहेत. माझ्या लहानपणी आमच्याकडे एकेका घरातून दोन-दोन मुली कॉन्व्हेंटमध्ये गेल्या. आता त्याच घरांतल्या नाती आयटीत आहेत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सर रुग्णांना आसरा देतं, पण सगळ्यांना तिथे जाता येत नाही, आणि पॅरालिसिसच्या म्हातारीला कॅन्सरच्या सदनात कोण घेणार? केरळने 2008 मध्ये घरी पडून असलेल्या अशा आजाऱ्यांसाठी धोरण केलं, पंचायतीमार्फत नर्स घरी जाऊ लागल्या. आपल्याकडे महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून आठवड्याला एक दिवस जरी प्रशिक्षित बाई रात्रभर घरी मिळाली, तरी घरच्या माणसाला एक अख्खी झोप मिळेल. आणि ब्यूरोंची नोंदणी व्हावी, रात्रपाळी केलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी दिवसपाळीवर पाठवायला बंदी असावी. तिला तेवढ्यात भागेल असे पैसे मिळायला हवेत, हे ओघानं आलंच. आमचाही वाटा त्यात होता. नऊशे जास्त वाटून आम्ही घासाघीस केली होती.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांची हवेची गादी आणि तिचा पंप चांगल्या स्थितीत आहे. वसई-विरार परिसरात कुणाला गरज असल्यास आपल्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा, आणून देऊ. चादरीची घडीही दाखवू.

आपली,
एक वाचक, वसई