बावीस तासांचा जलविहार विकला, बोट संध्याकाळी साडेपाचलाच बांधली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
छत्रपती संभाजीनगर.

विषय: अलेप्पीच्या हाउसबोट सहलीत पत्रकात छापल्याप्रमाणे सेवा न मिळाल्याबद्दल व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सहल कंपनीमार्फत आम्ही घरची सहा माणसं केरळला जाऊन आलो. विमान, गाडी, मुन्नारचं हॉटेल यांबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती हाउसबोटीची, आणि तीही बोटीवरच्या माणसांची नाही. ती बिचारी नीट वागली. तक्रार तुमची आहे.

तुमच्या पत्रकात छापलंय: ‘नारळाच्या सावलीतल्या अरुंद कालव्यांतून आणि वेंबनाड सरोवरातून सलग २२ तास निवांत जलविहार’. वर फोटोही तसाच, दोन्ही काठांची झाडं एकमेकांना टेकलेली आणि मधून हिरवं पाणी. तो पाहून आमची आई, जी एरवी पंढरपूरच्या पलीकडं जायला नाही म्हणते, तयार झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरची आम्ही माणसं. असला फोटो दाखवला की आम्ही फार घासाघीस करत नाही, हे तुमच्या बुकिंगवाल्यानं बरोबर हेरलं असणार.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. दुपारी बारानंतर पुन्नमडाच्या धक्क्यावरून बोट सुटली. सरोवराच्या कडेनं एक फेरी झाली, जेवणाला काठाशी थांबली, पुन्हा थोडी फिरली आणि साडेपाचच्या आत दोर टाकून बांधली. रात्रभर तिथंच. शेजारी दुसऱ्या बोटी खेटून उभ्या, त्यांतल्या एकीवर मोठ्यानं गाणी, आणि जनरेटरचा धूर आमच्या खिडकीत. सकाळी सुटली ती धक्क्याकडं परतण्यापुरती. नऊ वाजता आम्ही बॅगा घेऊन खाली.

बोट चालवणाऱ्याला विचारलं, तर त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सरळ सांगितलं की रात्री मच्छीमार जाळी टाकतात, म्हणून संध्याकाळनंतर हाउसबोटी चालवत नाहीत. कारण रास्त आहे. कुणाच्या पोटावर पाय देऊन मला विहार करायचा नाही. पण हा तिथला रोजचा शिरस्ता आहे, वर्षानुवर्षं सहली नेणाऱ्या तुमच्यासारख्या कंपनीला तो माहीत नसेल कसा? ‘मुक्काम २२ तास, त्यात फिरणं चार-पाच तास’ एवढी एक ओळ छापली असती तरी मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

राहिला अरुंद कालवा. आमची बोट दोन खोल्यांची, वर माडी. ती त्या कालव्यात शिरतच नाही! तिथं छोटी शिकारा बोट जाते आणि तिचे पैसे वेगळे. ते १,५०० रुपये मी जागेवर मोजले आणि सांगायला हरकत नाही, अख्ख्या सहलीत तेवढेच वसूल झाले. घरांच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, बायका तिथंच बसून भांडी घासताहेत. बांधापलीकडं भातशेती, आणि तिची जमीन कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली! कुट्टनाडात समुद्रसपाटीखाली शेती होते असं ऐकून होतो. बांध घालून, पंपानं पाणी बाहेर उपसून पीक घेतात. विहिरीच्या तळातून पाणी ओढायची सवय असलेल्या माणसाला हे बघताना गंमत वाटते. सांगायचा मुद्दा हा की तुमच्या पत्रकावरचा फोटो या शिकाऱ्यातून दिसणाऱ्या कालव्याचा आहे. विकली तुम्ही हाउसबोट.

लाइफ जॅकेटं बाकड्याखाली सुतळीनं गठ्ठा बांधून ठेवलेली. मागितल्यावर गाठ सोडली, तर दोन जॅकेटांचे बकल तुटलेले आणि लहान मुलाच्या मापाचं एकही नाही. आमच्यासोबत पाच वर्षांचा पुतण्या होता. केरळातच तानूरला मे २०२३ मध्ये पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. त्यानंतरही तुम्ही बोट ठरवताना एवढं बघत नसाल तर कमिशन कशाचं घेता?

आई माळकरी आहे. बुकिंगच्या वेळी ‘शुद्ध शाकाहारी’ असं लिहून घेतलं होतं. बोटीवर स्वयंपाक्याला त्याचा पत्ताच नव्हता. ज्या कढईत करीमीन मासा तळला त्याच कढईत आईचे पापड तळायला घेतले, ते सुनेच्या लक्षात आलं म्हणून बरं. आईनं रात्री केळी आणि दूध एवढ्यावर भागवलं. एसी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालेल, हेही तुमच्या अटींच्या कागदात सापडलं. तो कागद पूर्ण पैसे भरल्यावर व्हॉट्सॲपवर आला.

परतल्यावर फोन केला तर तुमच्याकडून उत्तर मिळालं, ‘सर, तिकडं असंच असतं.’ माझं औशाला कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं उगवलं नाही की शेतकरी पाकीट आणि पावती घेऊन थेट दुकानात येतो; मी त्याला ‘जमिनीत असंच असतं’ म्हणालो तर उद्या दुकान उघडता येणार नाही.

माझी मागणी अशी: हाउसबोटीच्या १८,००० रुपयांपैकी निम्मे, म्हणजे ९,००० आणि शिकाऱ्याचे १,५००, असे १०,५०० रुपये परत करावेत. आणि पत्रकातला तो फोटो काढावा, नाहीतर त्याखाली ‘हे दृश्य वेगळ्या भाड्याच्या शिकारा बोटीतून दिसते’ असं छापावं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं, फोन नको. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन. ग्राहक राहतो तिथंच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. बियाण्याच्या प्रकरणांत दुकानदार म्हणून तिथं उभा राहिलो आहे, वाट ओळखीची आहे.

सोबत पावती, पत्रकाची प्रत, व्हॉट्सॲपवरील संदेश आणि लाइफ जॅकेटांचे फोटो जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक
औसा, जि. लातूर