झटके थांबल्यानंतरचं संरक्षण

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचला. हळदीतलं करक्युमिन आधीच सुरू करायचं, मग पिलोकार्पिनने उंदरांना अपस्माराचे झटके आणायचे आणि मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या किती पेशी वाचल्या ते मोजायचं. यातून मेंदूचं संरक्षण सिद्ध होणार नाही. करक्युमिनमुळे झटकेच सौम्य झाले तर पेशी आपसूकच कमी मरतील.

म्हणून क्रम बदल. सगळ्या प्राण्यांचे झटके सारख्याच वेळी, समज ९० मिनिटांनी, डायझेपाम या झटके थांबवणाऱ्या औषधाने थांबव आणि करक्युमिन त्यानंतर दे. उशीर झाला असं समजू नकोस. ग्लुटामेट या चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाच्या माऱ्याने पेशीत कॅल्शियम शिरतं, पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात, पण पेशी मरण्याचं सत्र पुढे तास न् तास, कधी काही दिवस चालू राहतं. ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, मात्र हवाच. झटक्यांची तीव्रता मोजणारी रेसिन श्रेणी फक्त शरीराच्या हालचाली बघते; डायझेपामनंतर प्राणी शांत पडला तरी मेंदूत झटका चालू असू शकतो.

फ्लुओरो-जेड या रंगाने मरणाऱ्या पेशी रंगतात, त्यामुळे ते झटक्यांनंतरच्या पहिल्या एक ते तीन दिवसांत कर. उशिरा केलंस तर मेलेल्या पेशींचा निचरा झालेला असतो, ठिपके कमी दिसतात आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. मेंदूच्या उशिराच्या कापांसाठी न्यूएन (NeuN) ही न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, ओळखणारी खूण घे आणि उरलेले न्यूरॉन मोज.

आता करक्युमिनचा स्वभाव. सिरम (रक्तद्रव) नसलेल्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ७.२ पीएच आणि ३७ अंशांना, अर्ध्या तासात ते जवळजवळ सगळं विघटित होतं. द्रावण ऐनवेळी बनव. तोंडाने दिलेलं रक्तात फारच थोडं पोचतं, म्हणून लोक काळ्या मिरीतलं पिपरिन जोडतात. तसं केलंस तर नुसत्या पिपरिनचा गट वेगळा ठेव. करक्युमिन विरघळवायला वापरतात त्या डीएमएसओचाही.

आणि वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हे प्रस्तावनेतून काढून टाक. तुझं पिलोकार्पिन जॅबोरँडीच्या पानांतलंच आहे, आणि कापरानेही झटके येतात.

भांगेच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलचा दाखला जपून दे. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम या लहानपणी सुरू होणाऱ्या तीव्र अपस्मारांसाठी मान्यता मिळाली ती झटके कमी होतात म्हणून, पेशी वाचतात म्हणून नव्हे. अपस्माराच्या इतर औषधांपैकी क्लोबाझामबरोबर त्याने गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएटबरोबर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात.

तुझं काम ऐकून कुणा रुग्णाच्या घरच्यांनी हळदीच्या गोळ्यांबद्दल विचारलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका असं स्पष्ट सांग. पिपरिनने फेनिटॉइन या अपस्मारावरच्या औषधाची रक्तातली पातळी चढते. आणि अपस्माराच्या चालू गोळ्या अचानक बंद केल्या तर न थांबणारे झटके येऊ शकतात, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांग.

तुझी,
आई