दर्या आणि दऱ्या : ताईंना एक अनावृत पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पुस्तक छापून आलं. काल पहिली प्रत हातात आली आणि मी आधी पान १४३ उघडलं. का, ते तुम्हाला सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून पहिल्यापासून लिहिते. श्रेयनामावलीत तुम्ही तुमचं नाव घालू दिलं नाहीत. "फाइल नीट करणं हे माझं रोजचं काम, त्याचं काय छापायचं," म्हणालात. ते मी ऐकलं. आभार मानू नका असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात. म्हणून नाव न घालता लिहिते आहे.

सरांचं प्रवासवर्णन त्यांच्या मागे तसंच पडून होतं. अकरा प्रकरणं. पहिली सहा त्यांच्या एका विद्यार्थ्याने टाइप करून ठेवलेली, उरलेली पाच मी हस्तलिखितावरून टाइप केली. मांडणीही मीच करायची असं ठरलं. इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर मला येत होतं ते दोन-चार पानांची पत्रकं करण्यापुरतं. ३२० पानांचं पुस्तक, म्हणजे सोळा-सोळा पानांचे पूर्ण वीस फर्मे, त्यात कसं उभं करतात याची मला कल्पना नव्हती. मजकूर पानावर ओतला आणि पहिल्याच ओळीत 'किनारा' मधली वेलांटी 'क'ची डावी बाजू सोडून उजवीकडे जाऊन बसली. जोडाक्षरं सुटली, प्रत्येक अर्ध्या अक्षराचा पाय मोडून खाली लोंबायला लागला. फॉन्ट खराब आहे असं समजून मी दोन दिवस फॉन्ट बदलत बसले. मग एका मैत्रिणीने तुमचा नंबर दिला.

तुमचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. "काय हवंय ते नंतर सांगा, आधी स्क्रीनवर काय दिसतंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा." मी वाचलं. तुम्ही म्हणालात, फॉन्टला दोष देऊ नका, कंपोजर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणारी इनडिझाइनमधली यंत्रणा, बघा. परिच्छेदाच्या पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडायला लावलात. तिथे साधा 'अडोबी पॅराग्राफ कंपोजर' निवडलेला होता. त्याच्या जागी 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडला आणि वेलांटी आपल्या जागी गेली.

तिथेच थांबला असतात तरी मी आभार मानले असते. पण तुम्ही कारणही सांगितलंत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, वेलांटी साठवली जाते ती व्यंजनानंतर, उच्चाराच्या क्रमाने. ती डोळ्यांना आधी दिसावी, र् चा रफार व्हावा, क् आणि ष जोडून क्ष व्हावा, हे सगळे नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात आणि ते वाचून अमलात आणणं हे कंपोजरचं काम. साधा कंपोजर देवनागरीचे ते नियम वाचतच नाही. फॉन्ट बिचारा सगळं घेऊन बसलेला असतो, विचारणारं कुणी नसतं. तुम्ही पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या दिवसांपासून या कामात आहात. तेव्हा प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा होता आणि टाइपरायटरच्या पद्धतीच्या की-बोर्डवर वेलांटी आधी आणि अक्षर नंतर दाबावं लागे, हेही तुम्ही ओघात सांगून गेलात. मला त्या एका वाक्याने जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना इतका गोंधळ का होतो ते कळलं.

मी निवडलेल्या परिच्छेदापुरता कंपोजर बदलून मोकळी होणार होते. तुम्ही अडवलंत. "एका परिच्छेदाला औषध देऊ नका. स्टाइलला द्या." मग 'मूळ मजकूर' नावाची एक पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे परिच्छेदाचं रूप एकाच जागी ठरवणारा साचा, तयार करायला लावलीत, तीही आयत्या 'बेसिक पॅराग्राफ'वर न बेतता स्वतंत्र. तिच्या जस्टिफिकेशनच्या भागात कंपोजर, भाषेच्या जागी मराठी. भाषा मराठी ठेवल्यावर त्या फॉन्टमधला ल आणि श बदलून मराठी वळणाचा झाला, तेव्हा मी फोनवरच ओरडले होते. इतके दिवस हिंदी वळणाचा ल बघत होते आणि काय खटकतंय ते कळत नव्हतं. फॉन्ट करणाऱ्याने सोय करून ठेवली होती, मी भाषा इंग्रजी ठेवून ती बंद केली होती. बाकीच्या सगळ्या स्टाइली, उतारे, तळटीपा, कविता, या मूळ स्टाइलवर बेतल्या. पुढे अक्षराचा आकार १३ वरून १२.५ केला तेव्हा एकाच जागी आकडा बदलला आणि सगळं पुस्तक बदललं.

सगळं म्हणजे, जिथे मी हाताने ढवळाढवळ केली नव्हती तिथलं.

पान ३८ ची ती ओळ आठवते ना? 'सकाळी निघालो आणि', एवढेच तीन शब्द, एक डाव्या समासाला, एक मधोमध, एक उजव्या समासाला. खाली पुन्हा भरलेली ओळ. तशा ओळी पुस्तकभर पसरल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "अदृश्य खुणा चालू आहेत का?" मला तसं काही असतं हेच माहीत नव्हतं. कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं. आधी काहीच दिसलं नाही, कारण मी प्रिव्ह्यूमध्ये होते; तुम्ही नॉर्मल व्ह्यूवर यायला सांगितलंत. आणि पानावर निळ्या खुणांची गर्दी उसळली. प्रत्येक स्पेसला ठिपका, प्रत्येक एंटरला परिच्छेदाची खूण, आणि त्या ताणलेल्या ओळीच्या शेवटी एक आकडा वळलेली छोटी रेघ. शिफ्ट-एंटर. ओळ देखणी दिसावी म्हणून मीच कधीतरी तिथे तोडली होती. आकार बदलल्यावर तुटण्याची जागा ओळीच्या मध्यावर आली. आणि परिच्छेद संपलेला नसल्यामुळे जस्टिफाय केलेली ती ओळ दोन्ही समास गाठण्यासाठी ताणली गेली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा माझा मजकूर पाहिला असं म्हणायला हरकत नाही. वाक्यांच्या मध्ये दोन-दोन, तीन-तीन स्पेस. परिच्छेद आत सरकवायला कुठे पाच स्पेस, कुठे टॅब. प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून सलग चौदा एंटर. तुम्ही एकदाही हसला नाहीत. एकेक गोष्ट कुठे राहते तेवढं सांगितलंत: आत सरकवणं स्टाइलच्या इंडेंटमध्ये, नवं पान स्टाइलच्या कीप ऑप्शन्समध्ये, मथळा पानाच्या तळाशी एकटा राहू नये ही व्यवस्थाही तिथेच.

साफसफाई ग्रेपने, म्हणजे नमुना देऊन शोधण्या-बदलण्याच्या सोयीने, करायची, पण त्याआधी ठळक शब्द वाचवायचे, हे तुम्ही मला दोनदा बजावलंत. सरांनी ठिकाणांची नावं ठळक केली होती. ती नुसती हाताने ठळक केलेली. स्टाइल स्वच्छ लावताना वरचे सगळे बदल पुसले की तीही जाणार. म्हणून आधी ठळक अक्षरं शोधून त्यांना 'ठळक' नावाची कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे परिच्छेदाऐवजी निवडलेल्या अक्षरांपुरती स्टाइल, लावायची, मगच बाकीचं पुसायचं. कॅरेक्टर स्टाइल पुसली जात नाही. ही क्रमाची गोष्ट मला पुस्तकात कुठे सापडली नसती.

शिरोरेषेचं तर मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. ओळ बसत नसली की ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, कमी करायचं, सैल वाटली की वाढवायचं, ही सवय मी इंग्रजी मजकुरावर लावून घेतली होती. वाढवलं की देवनागरीत शिरोरेषा अक्षराअक्षरांमध्ये तुटते, कमी केलं की काना शेजारच्या अक्षरात घुसतो. तुम्ही लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य करायला सांगितलेत आणि जी काही ओढाताण करायची ती शब्दांमधल्या जागेत, ८०, १०० आणि १३३ या मर्यादेत. आता दुसऱ्यांची पुस्तकं उघडली तरी माझी नजर आधी शिरोरेषेवर जाते.

आता मूळ गोष्ट.

साफसफाईच्या नादात मला 'किनाऱ्यावर' हा शब्द शोधायचा होता. पहिल्या सहा प्रकरणांत तो डोळ्यांसमोर दिसत होता आणि शोधात एकदाही सापडत नव्हता. मला वाटलं, आत काहीतरी कचरा लपला आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं. मी शून्य रुंदीची, म्हणजे पानावर न दिसणारी, सगळी चिन्हं युनिकोडच्या क्रमांकाने शोधून एका दमात पुसली, फाइल सेव्ह केली आणि पुढे गेले. चार दिवसांनी प्रूफ वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "सर डोंगरात फिरत असताना सारखं दर्या दर्या का लिहितात?"

माझ्या हाताने सरांच्या दऱ्यांचा समुद्र झाला होता. 'पायऱ्या'च्या 'पायर्या', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. मी तुम्हाला फोन केला तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं.

तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "पहिल्या सहाच प्रकरणांत का? पुढच्या पाचांत का नाही?" उत्तर तुम्हीच शोधलंत. मी ऱ की-बोर्डवरून थेट टाइप केला होता. इनस्क्रिप्ट या की-बोर्डच्या पद्धतीत शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याचा पाय मोडून य जोडला की 'ऱ्य'. सरांच्या विद्यार्थ्याने साधा र घेऊन, पाय मोडून, पुढे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं कशी जुळावीत ते सांगणारं एक शून्य रुंदीचं चिन्ह, टाकला होता. पानावर दोन्ही तंतोतंत एकसारखे दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. म्हणून शोध लागत नव्हता, आणि म्हणून जॉइनर पुसताच त्याच्या र् चा रफार होऊन डोक्यावर गेला. मी ज्याला कचरा समजले, त्याच्यावर त्या शब्दाचा अर्थ उभा होता.

'र्य' दिसेल तिथे 'ऱ्य' करून टाकावं, असं मी घाईने म्हणाले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "सूर्याचं काय करणार? सौंदर्याचं? धैर्याचं?" मग विद्यार्थ्याने टाइप केलेली मूळ फाइल मागवलीत. तिच्या एका प्रतीत आधी जॉइनरवाल्या सगळ्या जागा ऱ मध्ये बदलल्या आणि त्यातून शब्दांची यादी काढली. 'किनार्यावर' असा शब्द मराठीत नाहीच, तेव्हा तसे शब्द पूर्ण शब्द धरून बिनधास्त बदलले. एकच जोडी उरली, जिच्यात दोन्ही शब्द खरे होते. दर्या आणि दऱ्या. सत्तेचाळीस जागा.

त्या तुम्ही माझ्याबरोबर वाचल्यात. रात्री साडेआठ ते अकरा, फोनवर. मूळ फाइल तुमच्यासमोर, पुस्तक माझ्यासमोर. तुम्ही वाक्य वाचायचात, मी पान सांगायचे. "दऱ्या." "केलं." "दर्या, असू द्या." मध्येच एका ठिकाणी तुम्ही थांबलात आणि पूर्ण परिच्छेद पुन्हा वाचलात, चुकीसाठी नाही, आवडला म्हणून. तुम्ही सरांना कधी भेटला नव्हतात. अडतीस दऱ्या परत आल्या, नऊ वेळा समुद्र जागेवर राहिला.

मला पुष्कळ लोकांनी मदत केली आहे, आणि बहुतेकांनी फाइल मागून घेऊन दुरुस्त करून परत पाठवली आहे. त्यात काही वाईट नाही, वेळ वाचतो. तुम्ही माझी मांडणीची फाइल एकदाही उघडली नाहीत. प्रत्येक बटण मला दाबायला लावलंत, आणि बटण दाबण्याआधी काय होईल ते मलाच विचारलंत. सुरुवातीला मला याचा थोडा त्रास झाला, तारीख जवळ येत होती. आज माझ्याकडे दुसऱ्या एका पुस्तकाचं काम आलं आहे. पहिल्या दिवशी मी मूळ स्टाइल केली, कंपोजर आणि भाषा लावली, अदृश्य खुणा चालू केल्या, आणि टाइप करणाऱ्याला फोन करून विचारलं, तुम्ही ऱ कसा काढता?

प्रत आजच पाठवते आहे. पान १४३, खालून चौथी ओळ. ते वाक्य सुरू होतं दऱ्यांपासून आणि संपतं दर्यापाशी, आणि दोन्ही शब्द सरांनी लिहिले तसेच आहेत. त्याच पानावर तळाला एक ओळ जरा सैल राहिली आहे. मी ती हाताने तोडली नाही. तुम्हाला कशी वाटते ते कळवा.

तुमची विद्यार्थिनी