आधी समेट, मग अर्पण

महोदय,

ख्रिस्ती उपासनेचा विषय निघाला की गाडी बहुधा ऑर्गन की गिटार, यावरच येऊन अडते. बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार, मात्र वाद्यांबद्दल फारसं बोलतच नाही. उपासना आपल्या लोकांच्या डोंगरावर करायची की यहुद्यांच्या यरुशलेमेत, असा मुद्दा शोमरोनी (यहुद्यांपासून वेगळ्या पंथाच्या) स्त्रीने विहिरीपाशी काढला, तेव्हा येशूने दोन्ही जागा बाजूला सारल्या. खरे उपासक पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करतील, असं तो म्हणाला (योहान ४). पहिल्या मंडळीचा, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती समुदायाचा, क्रमही साधाच : प्रेषितांचं (येशूने निवडलेल्या शिष्यांचं) शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायातला प्रसंग. माणूस अर्पण घेऊन वेदीपाशी पोहोचलाय आणि नेमकं तिथे त्याला आठवतं, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. येशू सांगतो, अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे उपासना मध्येच थांबवायची! (आमच्यातले किती जण उठून जातील, कोण जाणे.) नव्या करारातल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याकोब तर सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभं ठेवणं, यावर सडकून बोलतो. रविवारी पुढच्या रांगा राखून ठेवलेल्या दिसल्या की मला तोच अध्याय आठवतो.

– एक वाचक