किल्ल्याच्या भांडणानंतर

वाई
२८ ऑक्टोबर २०२५

चि. मृणालस अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेला तू फराळाचे डबे न घेताच निघालीस. चिवडा आणि करंज्या रोहितबरोबर पाठवते आहे, शनिवारी तो पुण्याला येतोय. फोनवर मी काही बोलू लागले की तू "हो आई, बरं आई" करतेस आणि मूळ बोलणं राहून जातं, म्हणून पत्र लिहायला बसले. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, कागदावर मला जरा नीट सुचतं.

आधी त्या दोन तासांचं सांगते. धनत्रयोदशीला तू आणि नीलेशराव साताऱ्याला गेला होतात. अन्वी ओट्यावर टॅब घेऊन बसली होती. आळीतली पाच-सहा पोरं घमेलं आणि पोतं घेऊन किल्ल्याची माती आणायला निघाली होती. त्यातली एक हिला म्हणाली, "येतेस का?" अन्वीने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, जा. हातातलं घड्याळ तिने स्वतःच काढून कोनाड्यात ठेवलं, चिखलात खराब होईल म्हणून. ती कुठे आहे ते घड्याळ तुला कळवतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. साडेचारला तुझा फोन आला. "लोकेशन तर घरचंच दाखवतंय, मग उचलत का नाही?" मी म्हटलं, ती घरात नाहीये, माती आणायला गेलीय. कुठे, ते मला माहीत नव्हतं. आणि "माहीत नाही" हे मी इतक्या सहज बोलून गेले, त्याचाच तुला जास्त राग आला. बरोबर ना?

सहाला ती आली तेव्हा कोपरापर्यंत माती होती आणि पायाचं एक नख उचकटलेलं. तू म्हणालीस, "काही झालं असतं तर?" मी आपलं नेहमीचं "आमच्या वेळी" सुरू केलं. त्यावर तू एकच वाक्य बोललीस, "तू मला तरी कुठे सोडलंस?" मग सणाचे दिवस म्हणून आपण दोघी शिरा-भजी करत गोड बोलत राहिलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

तू म्हणालीस ते खरं आहे.

माझं आठवतं तिथपासून सांगते. साठच्या दशकात आमच्या आळीत संध्याकाळी पोरांना हाकलून काढावं लागत नसे, घरात ठेवणंच अवघड होतं. चकून राज्य ठरायचं. डबा ऐसपैस, लगोरी, आबाधुबी, आणि विटीदांडू तर मी पोरांच्या बरोबरीने खेळायचे. दांडूने अंतर मोजताना आम्ही वकट, लेंड, मुंड, नाल असं म्हणायचो. डी.एड.ला असताना हैदराबादकडची एक मैत्रीण ते ऐकून हसतच सुटली. म्हणाली, अगं, हे तर आमचं ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु! कुण्या गुरुजींनी ते आम्हाला शिकवलेलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरांनी सहा वर्षांच्या पोरांना दिलं, त्यांनी पुढच्यांना, असं किती पिढ्या चाललं असेल कोण जाणे. अन्वीला मी वकट म्हणजे काय विचारलं, तर तिला वाटलं शिवी आहे.

आणि लिंबूटिंबू! खेळायला येणारं लहान पोर आऊट झालं तरी आऊट धरायचं नाही, हा नियम कुठल्या मोठ्या माणसाने केला असेल असं मला वाटत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळ असं आईने बजावलेलं असायचं आणि डाव तर मोडायचा नसायचा, त्या अडचणीतून पोरांनीच तो काढला असणार.

आता हे सगळं लिहिताना मी एक गोष्ट नेहमी गाळते, ती आज लिहिते. बारावं लागायच्या आतच माझा दांडू गेला. आजीने एका संध्याकाळी अंगणातून हाक मारली आणि म्हणाली, आता पुरे. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्यानंतर माझ्या वाट्याला नवरात्रातला भोंडला आला आणि लग्न झाल्यावर मंगळागौर. फुगड्या, झिम्मा, सगळं खरं, पण दिवस ठरलेला, बायका ठरलेल्या आणि वर देवाचं निमित्त. उगीचच, कशासाठीही नाही, असं खेळायला बाहेर पडणं मुलीला परत मिळालं नाही. त्यामुळे "आमचं बालपण किती मोकळं" असं कुणी व्याख्यानात म्हणालं की मी मनात विचारते, बाबा रे, तुझ्या बहिणीला विचारलंस का?

आणि हे सगळं माहीत असून मी तुझ्याशी तेच केलं. १९९६ चा मे महिना. तू बारा वर्षांची. "चारचौघांत फ्रॉक सावरत धावतेस, बरं दिसतं का?" हे माझंच वाक्य. रोहित तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, तो दिवेलागणीपर्यंत बाहेर असायचा आणि तू खिडकीशी बसून तांदूळ निवडायचीस. तिथून त्याचे रन मोजायचीस. तो घरी आला की बाबा विचारायचे, किती झाले? आणि आकडा तू सांगायचीस, तो नाही. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. या चार दिवसांत ते आठवून झोप लागली नाही.

फरक एवढाच की माझी भीती लोकांची होती. तुझी गाड्यांची आहे, आणि तुझी भीती खोटी नाही. पुण्यात नोंदलेल्या गाड्या माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी २०१८ सालीच आली होती, छत्तीस लाखांवर. तुमच्या वाकडच्या रस्त्यावर मी स्वतः दोनदा ओलांडायचं म्हणून उभी राहून परत फिरले आहे. मेयर हिलमन नावाच्या एका इंग्रज अभ्यासकाचं मी मागे वाचलं होतं. तिकडे १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, १९९० साली ९ टक्के. त्याच काळात रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांचा आकडा खाली आला म्हणून सरकार रस्ते सुरक्षित झाल्याचं सांगत होतं. हिलमनचं म्हणणं असं की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलंच तिथून काढून घेतलीत. आपल्याकडे कुणी असं मोजलंय का ते मला ठाऊक नाही, पण शाळेबाहेर दुपारी उभी असलेली रिक्षा, व्हॅन आणि आयांच्या स्कूटरींची रांग बघितली की वेगळं मोजायची गरज वाटत नाही.

अनोळखी माणसाची भीती मात्र मला तितकीशी पटत नाही. वाटत नाही असं नव्हे, मलाही वाटते. पण पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, नोंदलेल्या गुन्ह्यांचे सरकारी आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की बहुतेक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो. त्याच्यासाठी दाराला कडी लावून भागत नाही.

तुझ्याकडे जुलैत राहिले तेव्हा मी पाहिलं. इमारतीखाली बाग आहे, रबराची फरशी आहे, घसरगुंडी आहे. मोठ्या भूखंडावर बांधताना १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते म्हणून ती आहे, आणि तिथेच पाटी आहे की चेंडूने खेळू नये, सायकल आणू नये, दुपारी दोन ते पाच आवाज करू नये. मी पाटीखाली बसले होते. पाच वाजता एक मूल आलं, बरोबर सांभाळणारी बाई. पंधरा मिनिटं घसरगुंडीवर बसलं आणि गेलं. मृणाल, तू अन्वीला उद्या एकटी खाली सोडलीस तरी ती खेळणार कुणाशी? सोमवार-बुधवार स्केटिंग, मंगळवारी अबॅकस, शनिवारी फुटबॉल. बाकीच्यांचंही असंच, फक्त वार वेगळे. एकट्या आईच्या धीराने हे सुटणारं नाही, हे मला कळतं. म्हणून तुला दोष देत नाहीये.

आमच्याकडे सगळं बेवारस होतं असंही समजू नकोस. ओट्यावर बायका बसलेल्या असायच्या, वाणी गल्ल्यावरून बघायचा, कुणी कुणाला मारलं तर घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. लक्ष होतं, पाळत नव्हती. आणि तरीही अपघात झाले. मी तिसरीत असताना आळीतला एक मुलगा कृष्णेच्या डोहात गेला. महिनाभर सगळ्यांना नदी बंद होती, मग हळूहळू परत सुरू झाली. त्याची आई पुढे कितीतरी वर्षं घाटावर आली नाही. तेव्हा "काही झालं असतं तर" याला माझ्याकडे उत्तर आहे असं मी म्हणणार नाही.

पण त्या दोन तासांत आणि त्यानंतर किल्ल्यावर काय झालं, ते तू विचारलंच नाहीस. तू आधी नख बघितलंस आणि मग मला.

माती त्यांनी एका बांधकामावरून आणली, वॉचमनला विचारून. म्हणजे अन्वीने विचारलं. बाकीची पोरं नेहमी न विचारता घेतात, हिने हिंदीत "अंकल" म्हणून विचारलं तर त्याने विटांचे तुकडेही दिले, त्यामुळे टोळीत हिचा भाव वाढला. मग कुठला किल्ला यावर भांडण. दोघांना प्रतापगड हवा होता, कारण अफझलखानाची छावणी वाईत पडली होती, तेव्हा तो आपलाच. एकाला जंजिरा हवा होता, भोवती पाणी सोडायला मिळतं म्हणून. अन्वी आत येऊन मला विचारते, "आजी, इथे सर कोण आहेत?" मी म्हटलं, कसले सर? "म्हणजे भांडण झालं तर कुणाला सांगायचं?" मी म्हटलं, कुणाला नाही, त्यांनाच. ती दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग गेली. मला बाहेर जाऊन मिटवायची इतकी खुमखुमी होती की मी मुद्दाम चकल्यांचं पीठ मळायला घेतलं.

प्रतापगड ठरला, पण पायथ्याशी पाण्यासह. पोतं चिखलात बुडवून दगडांवर टाकलं, बुरूज केले, सलाईनच्या नळीचं कारंजं. बालेकिल्ल्याच्या खाली एक सपाट चौकोन होता, मला वाटलं तळं असेल. अन्वी म्हणाली, पार्किंग. पोरं हसली, ही रुसून घरात आली, पाय आपटले, "मी उद्याच पुण्याला जाणार" म्हणाली. दहा मिनिटांनी कुणीतरी बाहेरून ओरडलं, अगं घोडे ठेवायला जागा लागतेच की, ये! तसं पार्किंगची पागा झाली आणि ती धावली. मी इतकी वर्षं तिला पाहतेय, रुसवा दहा मिनिटांत संपलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तू घरी असतीस तर तिला जवळ घेतलं असतंस. मीही घेतलं असतं, हात पिठाचे होते म्हणून राहिले.

चष्म्याचंही एक लिहायचं होतं. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांना तीन वर्षं रोज शाळेतच ४० मिनिटं जास्त बाहेर सोडलं. २०१५ साली त्याचे आकडे आले. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत शंभरातल्या साधारण चाळीस मुलांना लांबचं अंधूक दिसू लागलं होतं, या मुलांत तिसाच्या आसपास. अन्वीला आठव्या वर्षी लागलेला नंबर याने जाणार नाही, ते ठाऊक आहे. तरी सांगितलं.

माझी मागणी मोठी नाही. मे महिन्यात तिला पंधरा दिवस इथे ठेव आणि तू सोडून जा. नदीवर जायचं नाही, हायवे ओलांडायचा नाही, दिव्याच्या आत घरी, आणि कुणाबरोबर जातेय ते सांगून जायचं, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेईन. रात्री नऊला फोन कर, हवं ते विचार. संध्याकाळी पाचला करू नकोस. आणि तोवर तिकडे वाकडला एक कर. तिने मला सांगितलं की ती अजून एकदाही लिफ्टने एकटी खाली गेलेली नाही. दहा वर्षांची आहे. खालच्या दुकानातून कोथिंबीर आणायला पाठव. शिळी आणेल, आणू दे.

रोहितची मुलगी पण येईल मेमध्ये. या वेळी दोघींना खिडकीत बसवणार नाही.

किल्ल्यावरचे अळीव बोटभर वाढलेत. पोरं दिवाळी संपल्यावर किल्ला फोडतात, सुतळी बॉम्ब ठेवून. यंदा अजून फोडलेला नाही, परवा एक जण येऊन विचारून गेला की अन्वी परत कधी येणार, तिची पागा आहे म्हणून थांबलोय. मी म्हटलं, फोडा रे, तिला नवीन बांधू दे.

आणि ते घड्याळ इथेच राहिलं. दोन-तीन दिवस कोनाड्यात पाचच्या सुमाराला थरथरायचं, आता चार्जिंग संपलंय बहुतेक. रोहितबरोबर पाठवू, की मेपर्यंत राहू दे, ते कळव.

नीलेशरावांना आशीर्वाद, अन्वीला पापा.

तुझी,
आई